बाळाचे हात अडवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बोलायला लागायच्या आधी बाळाला हाताच्या खुणा शिकवल्या तर ते बोलायचं राहतं, असं आपल्याकडं फार ठामपणे सांगतात. माझा मुलगा आता दीड वर्षाचा होईल. तो झाल्यापासून मला हे शेजारच्या काकूंनी सांगितलं, माहेरच्यांनी सांगितलं, लसीकरणाच्या रांगेत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनंही सांगितलं. "हातानंच मागायला लागलं तर त्वांड कशाला उघडंल त्ये?" हा सगळ्यांचा एकच प्रश्न. मायेपोटी सांगतात, त्यामुळं कुणावर रागवता येत नाही. पण ही समजूत चुकीची आहे, आणि तिनं आमच्या घरातल्या एका माणसाचं बालपण गिळलंय. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, एकत्र कुटुंब. माझे मोठे दीर जन्मापासून ऐकू शकत नाहीत. गुजरीत सोन्याचं काम करतात. साजाची पानं घडवावीत तर त्यांनीच, असं त्यांचे शेठ मला स्वतः म्हणाले आहेत. लहानपणी भावजींना ज्या शाळेत घातलं होतं, तिथं हातवारे करायला सक्त मनाई होती. समोरच्याचे ओठ वाचायचे, घशातून आवाज काढायचा, आणि हात मांडीखाली. खुणा करताना सापडलं की पट्टी. त्या शाळेनं हे स्वतःच्या मनानं काढलं होतं असंही नाही. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. मुलांना खुणांनी शिकवू नये, तोंडानंच बोलायला लावावं, असा ठराव तिथं झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्या ठरावाची झळ जगभरातल्या शाळांना पुढं शंभर वर्षं लागली, ती आमच्या पेठेतल्या एका पोरापर्यंत पोचली.

घरीही तेच. खुणा करू नका, पोराला बोलायचा कंटाळा येईल, असं माझ्या सासूबाईंना सांगण्यात आलं होतं. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. आत्यांनी ते निमूट पाळलं. शिकलेल्या माणसांनी सांगितलेलं, त्यांनी का मोडावं? त्यामुळं घरात जेव, झोप, पैसे, नको एवढ्यावर वर्षानुवर्षं काम चाललं. पंगतीला सगळे हसायचे तेव्हा भावजी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायचे आणि उशिरा हसायचे. लग्न होऊन आले तेव्हा मी हे बघितलंय. त्यांची खरी भाषा त्यांना शाळेत मिळाली नाही आणि घरात तर नाहीच. ती त्यांच्यासारख्याच मित्रांकडून मिळाली, सुट्टीच्या दिवशी रंकाळ्याच्या काठावर बसून.

मी त्यांच्याकडून शिकले. सुरुवातीला नावं. कर्णबधिर मंडळी एकमेकांना खुणेची नावं देतात. माणसाचं काहीतरी लक्षात राहण्यासारखं धरायचं आणि त्यावरून खूण बांधायची. भावजींचं नाव आहे डोळ्याला लावलेलं भिंग, अंगठा आणि बोट गोल करून डोळ्यापाशी न्यायचं. माझ्या मुलाचं नाव त्यांनी बारशाच्या दिवशीच ठेवलं, हनुवटीवरचा तीळ. बाई म्हणायचं तर नाकात चमकी असते तिथं बोट, पुरुष म्हणायचं तर मिशीवरून बोट. बघता बघता माझा संसार दोन भाषांत सुरू झाला.

म्हणून बाळ सहा-सात महिन्यांचं झाल्यावर त्याच्यासमोर हात हलवणं हे मला काही वेगळं शिक्षण वाटलंच नाही. त्याच्या काकांशी बोलायचं तर त्याला हे लागणारच होतं. शिकवणी अशी घेतलीच नाही. दूध पाजायला घेतलं की तोंडानं "दूध" म्हणायचं आणि त्याच वेळी मूठ उघडायची-मिटायची, धार काढल्यासारखी. पंखा लावला की "पंखा" म्हणून बोट गोल फिरवायचं. झोप, पाणी, अजून, संपलं, दुखतंय. रोजच्या राबत्यातल्या एवढ्याच. त्याचं लक्ष आपल्या चेहऱ्याकडं असेल तेव्हाच करायचं, आणि मग थांबायचं. हे थांबणं आपल्याला जड जातं. आपण बाळाला प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो. भावजी मात्र थांबतात. शांतपणे बघत राहतात, बाळाच्या हाताची हालचाल पुरी होईपर्यंत. समोरच्याला सांगायला वेळ लागतो, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

पहिले काही महिने समोरून काहीच येत नाही, आणि बहुतेक आया इथंच सोडून देतात. आमच्याकडं पहिली खूण आली ती पंख्याची. वीज गेली होती, पंखा थांबला, बाळानं वर बघितलं आणि अख्खा हात मनगटातून गरगरा फिरवला. बोट वेगळं काढायला त्याला जमत नव्हतं. भावजींनी ते बघून टाळीच वाजवली. त्यांनी मला सांगितलं की कर्णबधिर आईबापांची मुलंही अशाच "बोबड्या" खुणा करतात. खूण कुठं करायची ती जागा आधी बरोबर येते, बोटांचा आकार मागून सुधारतो. पुढं वाचनात आलं की अभ्यासकांनीही हेच टिपून ठेवलंय. १९९१ साली कॅनडातल्या लॉरा-ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी दाखवून दिलं की खुणांच्या घरात वाढणारी कर्णबधिर बाळं हातानं बडबडतात, जशी ऐकणारी बाळं "बाबाबा, दादादा" करतात. भाषा शिकायची ओढ बाळात असतेच, तिला वाट तोंडाची मिळो की हाताची.

दुधाच्या खुणेची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून देतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. भावजी कामावरून आले की बाळाला घेऊन तिकडं चक्कर मारतात. त्या दिवशी मीही होते. बाळ तेव्हा वर्षाच्या आतलं, अंगावरच पिणारं. दूध म्हणजे आई, एवढंच त्याला ठाऊक. गवळ्यानं बादली गुडघ्यांत धरली आणि धार सुरू केली. बाळ बघत राहिलं. मग आपली मूठ उघडली-मिटली, गवळ्याच्या हातासारखी. माझ्याकडं बघितलं, पुन्हा मूठ. म्हशीकडं बघितलं, पुन्हा मूठ. पुन्हा माझ्याकडं. ज्या पोराला अजून एक धड शब्द बोलता येत नव्हता, ते मला सांगत होतं की हिच्याकडंही तेच आहे. गवळी म्हणाला, "वैनी, बारकं धार काढायला शिकलं की!" भावजींनी गवळ्याला हातानंच समजावून सांगितलं, की नाही, ते बोलतंय.

मला लोकांना विचारावंसं वाटतं, आपण तरी दुसरं काय करतो? मराठी घरात बाळ नऊ-दहा महिन्यांचं झालं की "टाटा कर", "जयजय कर", "टाळ्या वाजव", "चांदोबा कुठाय दाखव" सुरू होतं. बाळ हात जोडतं, आपण पाहुण्यांसमोर कौतुकानं पुन्हा पुन्हा करायला लावतो. त्या जयजयनं आजवर कुणाचं बोलणं थांबलं? मग दूध, पाणी आणि दुखतंय हेच हातानं सांगितलं तर काय बिघडणार आहे? बोलायला जीभ, ओठ, टाळू आणि श्वास यांचा मेळ बसावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. हात त्याआधी ताब्यात येतात. समज तर दोन्हींच्या आधीच आलेली असते. त्या मधल्या काळात बाळाला सगळं कळतं आणि सांगता काहीच येत नाही, म्हणून ते रडतं. एका रात्री आमचं बाळ किंचाळत उठलं. आत्या म्हणाल्या पोट दुखत असेल, मी म्हटलं दात. बाळानं हात कानाशी नेला आणि "दुखतंय" केलं. सकाळी डॉक्टरांनी कानात बघितलं तर कान आतून लालभडक झाला होता.

आता दुसऱ्या बाजूचंही लिहिते. खुणा शिकवल्यानं बाळ हुशार होतं, लवकर बोलतं, बुद्ध्यांक वाढतो, अशा जाहिराती करून मोठ्या शहरांत पैसे घेऊन वर्ग चालतात. त्यांच्या नादी लागू नये. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिंडा अक्रेडोलो आणि सुसान गुडविन यांनी १९८० च्या दशकापासून ऐकू येणाऱ्या बाळांवर हे काम केलं. खुणा करणारी मुलं बोलण्यात मागं पडत नाहीत, सुरुवातीला थोडी पुढंच असतात, असं त्यांना दिसलं. पुढं ब्रिटनमध्ये चाळीस आया आणि त्यांच्या बाळांना आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत पाहून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात भाषेच्या वाढीत काही फरक पडला नाही. ना पुढं, ना मागं. फरक पडला तो आयांच्यात. खुणा शिकवणाऱ्या आया बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांकडं जास्त लक्ष देऊ लागल्या. मला हे अगदी पटतं. हाताकडं बघायची सवय लागली की बाळाकडंच बघायची सवय लागते. मोबाइल हातात धरून खूण करता येत नाही.

आणि बोलण्याचं म्हणाल तर माझा मुलगा बोलतोय. "आज्जी", "काऊ", "भुर्र", "नको" हे त्याचे आवडते शब्द. एखादा शब्द तोंडात बसला की त्याची खूण आपोआप गळते. आमच्याशी आता "पाणी"ला "पा" म्हणतो, हात हलवत नाही. काकांशी मात्र हलवतो. काकांना ऐकू येत नाही असं त्याला कुणी बसवून सांगितलेलं नाही. त्यानं ते आपलं आपण ओळखलं. काकांनी खांद्यावर घेतलं की दोघांचं बोलणं तुटतं, कारण हात दिसत नाहीत. तेव्हा तो काकांच्या डोक्यावर थापटतो, काका त्याला खाली घेऊन समोर धरतात, आणि मग त्याला जे सांगायचं असतं ते तो सांगतो.

एक गोष्ट मात्र प्रत्येक आईबापानं पक्की लक्षात ठेवावी. खुणा शिकवा, पण बाळाला ऐकू येतं का, हे आधी तपासून घ्या. हजार बाळांमागे साधारण एक ते तीन बाळांना जन्मतः कायमचा बहिरेपणा असतो, आणि तो वरून दिसत नाही. ताट पडलं आणि बाळ दचकलं म्हणजे ऐकू येतं, असं नाही. जमिनीचा हादरा त्यालाही कळतो. नवजात बाळाची तपासणी ओएई नावाच्या यंत्रानं होते, बाळ झोपेत असताना, काही मिनिटांत, न दुखवता. त्यात शंका आली तर आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी बेरा तपासणी करतात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभर मानला गेलेला क्रम आहे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी आहे, अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा पाहणीही आहे. पण तोवर पहिलं मोलाचं वर्ष निघून जातं. भावजींचं निदान ते चालायला लागल्यावर झालं. जिल्ह्यात जिथं जिथं बाळंतपणं होतात, मग रुग्णालय सरकारी असो की खासगी, तिथून बाळ घरी जायच्या आत त्याचे कान तपासले गेले पाहिजेत. आणि बाळाला ऐकू येत नाही असं निघालं, तर श्रवणयंत्र लावा, शस्त्रक्रिया करून कानात कॉक्लिअर इम्प्लांट हे यंत्र बसवा, जे शक्य आहे ते सगळं करा, पण त्याच दिवसापासून त्याच्याशी हातानंही बोला. यंत्र बसून, सराव होऊन शब्द कळू लागेपर्यंत काळ जातो. त्या काळात बाळाला बिनभाषेचं ठेवायचं नसतं.

शिकायला आता साधनं नाहीत असंही नाही. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांचा सांकेतिक भाषेचा कोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता, २०२१ मध्ये दहा हजारांचा झाला. प्रत्येक शब्दाचा व्हिडिओ यूट्यूबवर फुकट बघता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सांकेतिक भाषेला संवादाचं साधन म्हणून मान्यता दिली आहे. भावजींच्या काही खुणा कोशातल्या खुणांपेक्षा वेगळ्या आहेत, गावोगावी थोडा फरक असतोच. आम्ही दोन्ही ठेवल्या.

आत्यांबद्दल लिहिते आणि मग मागणीकडं वळते. बाळ खुणा करायला लागलं तेव्हा आत्या लांबूनच बघायच्या. मनात धाकधूक होती, जुनी ताकीद डोक्यातून जात नव्हती. पण नातू मूठ मिटून दूध मागतो आणि आपल्याला कळत नाही, हे आजीला किती दिवस सोसवणार? मला न विचारता त्यांनी एक-एक खूण उचलली. मग एका संध्याकाळी भावजी कामावरून आले, चप्पल काढत होते, आणि आत्यांनी त्यांच्यासमोर जाऊन हातानं विचारलं, दमलास का? भावजी तसेच उभे राहिले. आता रोज रात्री जेवणानंतर दोघं माजघरात बसतात. आत्या अडखळतात, भावजी थांबतात. कारखान्यात काय झालं, कुणाचं लग्न ठरलं, सोन्याचा भाव कुठं गेला. कधीतरी लहानपणचंही निघतं. त्या शाळेतल्या पट्टीबद्दल आत्यांना आत्ता कळलं. भावजींनी त्याआधी ते कधी सांगितलंच नव्हतं. सांगणार कसं?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. अंगणवाडी सेविकांच्या नेहमीच्या प्रशिक्षणात रोजच्या वापरातल्या दहा-वीस खुणा घालाव्यात. त्या शिकवायला कर्णबधिर माणसांनाच बोलवावं आणि त्यांना त्याचं रीतसर मानधन द्यावं. या शहरात गुजरीत, चपलेच्या कारखान्यांत, उद्यमनगरात अशी हुशार माणसं हातानं कामं करतायत, त्यांच्या भाषेचे शिक्षक आपल्याला बाहेरून आणायला नकोत. पालकांना एवढंच सांगणं आहे की बाळ खूण करेपर्यंत दूध रोखून धरू नका, पाहुण्यांसमोर परीक्षा घेऊ नका, आणि खूण करताना तोंडानंही बोलत राहा.

एक विनंती थेट आपल्याला आहे. २३ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन. जागतिक कर्णबधिर महासंघाची स्थापना १९५१ साली त्या तारखेला झाली, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी तो दिवस निवडला. त्या दिवसापासून आपल्या रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एका खुणेचं चित्र छापावं. पाणी, दूध, भूक, दुखतंय, आई, अशा साध्या खुणांपासून सुरुवात करावी. आजी-आजोबांना ते कापून भिंतीला लावता येईल, इंटरनेट नसलेल्या घरातही पोचेल. चित्रकार आपल्याकडं असतीलच. हात दाखवायला भावजी तयार आहेत, मी त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. सुट्टीच्या दिवशी कधीही येतो म्हणालेत, फक्त आदल्या दिवशी मेसेज करा, फोन करू नका.

आपली,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर